मुलुंड ते कान्हेरी, व्हाया दोन जीबी

कॅमेऱ्याला मेमरी कार्ड नक्की किती मोठं हवं? प्रश्न साधा, पण उत्तर शोधता शोधता घाटकोपरच्या गल्लीपासून बोरिवलीच्या लेण्यांपर्यंत फिरणं झालं. त्या शनिवारची ही गोष्ट...

आमची मुलुंडची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीये. म्हणजे अजून उभी आहे, पण जागा खाली करायची तारीख आलीये. त्यामुळे घरात सध्या एकच खेळ चालू आहे : ठेवायचं की टाकायचं? लोणच्याच्या बरण्या, माझी कॉलेजची जर्नल्स, बाबांच्या कॅसेट्स... प्रत्येक वस्तूवर सुनावणी होते आणि शेवटचा निकाल आईचा.

याच सुनावणीत तो सापडला. आईच्या कपाटात, साड्यांच्या मागे, शाल गुंडाळून ठेवलेला आमचा पहिला डिजिटल कॅमेरा! बाबांनी २००५ साली दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला. चार मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, साबणाच्या वडीएवढा जाड. नवे सेल घातले, बटण दाबलं आणि चक्क सुरू झाला. सध्या हे जुने डिजिकॅम पुन्हा जाम फॅशनमध्ये आहेत. माझ्या मैत्रिणी असले कॅमेरे शोधून शोधून विकत घेतात. मला घरबसल्या फुकटात मिळाला. कॉलर टाइट!

आत कार्ड होतं १२८ एमबीचं. हो, एमबी. गंमत वाटेल, पण तेव्हा ती चैन होती. कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेल्या १६ एमबीच्या कार्डात जेमतेम आठ फोटो मावायचे. बाबांनी वेगळे पैसे मोजून हे १२८चं आणलं, त्यात ६१. छत्तीसच्या रोलवर वाढलेल्या माणसाला ६१ म्हणजे लॉटरीच. तरी ट्रिपला गेलं की दुपारपर्यंत ते भरायचं आणि मग आमच्या घराचा नियम लागू व्हायचा : एक काढायचा, तर एक पुसायचा.

मी फोटो पुढे ढकलत गेले. २००६ च्या जानेवारीतली नॅशनल पार्क आणि कान्हेरीची सहल. सत्तावन्न नंबर : मी आणि दादा, हातात काकडी. पुढचा थेट एकोणसाठ.

अठ्ठावन्न कुठे गेला, हे जगात फक्त मला माहीत आहे. तो मी पुसला होता.

मी नऊ वर्षांची होते. आजी लेण्यांच्या पायऱ्यांवर बसली होती आणि बाबा काहीतरी बोलले म्हणून तोंडावर पदर धरून हसत होती. फोटो हलला होता, चेहरा अर्धाच आला होता. तेवढ्यात समोर पिल्लू घेतलेलं माकड येऊन बसलं आणि कार्ड फुल्ल. मी सराईतासारखं मागे जाऊन सगळ्यात ‘खराब’ फोटो शोधला, कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबलं आणि माकड टिपलं. बासष्ट नंबर. माकडही हललेलंच आलं.

त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी आजी गेली. तिचे फोटो आहेत आमच्याकडे. लग्नातले, पूजेतले, ताठ मानेनं कॅमेऱ्याकडे बघणारे. हसणारा एकही नाही.

तर मंडळी, मेमरी कार्डावर आख्खा लेख कशाला, असं वाटत असेल तर कारण हे आहे. मी ठरवलं, याच कॅमेऱ्यात नवीन कार्ड घालून आईबरोबर तीच सहल पुन्हा करायची. आणि या वेळी जागा कमी पडता कामा नये.

घाटकोपर : ‘दो जीबी? म्युझियम में मिलेगा!’

आदल्या आठवड्यात घाटकोपर स्टेशनबाहेरच्या गल्लीतल्या एका छोट्या दुकानातून मी ऐटीत ३२ जीबीचं कार्ड घेतलं. घरी येऊन कॅमेऱ्यात घातलं, तर स्क्रीनवर ‘मेमरी कार्ड एरर’. पुन्हा काढलं, पुसलं, घातलं. एरर!

कार्ड बिघडलेलं नव्हतं, घोळ माझाच होता. एसडी कार्डं बाहेरून सगळी सारखीच दिसतात, पण त्यांच्यात पिढ्या आहेत. मूळचं साधं एसडी २ जीबीपर्यंत. २००६ मध्ये एसडीएचसी आलं, ते ३२ जीबीपर्यंत. २००९ मध्ये एसडीएक्ससी, २ टीबीपर्यंत. आणि २०१८ मध्ये एसडीयूसी, थेट १२८ टीबीपर्यंत! आता हे लोकलच्या पाससारखं समजा. फर्स्ट क्लासच्या पासवर सेकंड क्लासमध्ये खुशाल बसा. उलटं केलंत की टीसी पकडणार. नवीन कॅमेऱ्यात जुनं कार्ड चालतं, जुन्या कॅमेऱ्यात नवीन नाही. आमचा कॅमेरा २००५चा, म्हणजे मर्यादा २ जीबी. संपला विषय.

पुन्हा दुकानात. ‘दो जीबी?’ काउंटरमागचे भाई हसले. ‘मॅडम, वो तो म्युझियम में मिलेगा!’ पण माणूस दिलदार. खालचा ड्रॉवर उपसून त्यांनी दोन कार्डं शोधलीच. दोन-दोन जीबीची. ‘एक ले लो, एक हज़ार फोटो आएगा.’ मी दोन्ही घेतली. का घेतली, ते मला स्वतःला दिवस संपताना कळलं.

भांडुप : गुलाबी ठिपके

मार्चमधला शनिवार, सकाळचे साडेसहा. मुलुंडहून रिक्षानं ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागलं की थोड्याच वेळात भांडुप पंपिंग स्टेशनचं वळण येतं. आईला वाटलं मी तिला पाण्याच्या टाक्या दाखवायला नेतेय. पण इथेच ठाण्याची खाडी आहे आणि खाडीत फ्लेमिंगो! हिवाळ्यापासून मेपर्यंत त्यांचा मुक्काम असतो. २०२२ मध्ये या खाडीला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आपल्या भांडुप-ऐरोलीची खाडी जाऊन बसली. (आत कुठपर्यंत सोडतात ते आधी विचारून जा, आणि भरती-ओहोटीची वेळ बघून जा.)

ओहोटी होती. पक्षी लांब, चिखलात पसरलेले. माझ्या कॅमेऱ्याचा झूम बिचारा थकला. मी चाळीस फोटो काढले, चाळीसही गुलाबी ठिपक्यांचे. शेजारी एक काका हाताएवढी लेन्स लावून उभे होते. थवा उठला आणि त्यांचा कॅमेरा मशीनसारखा कडकडला.

‘काका, किती झाले?’

‘तीन सेकंदांत तीस असतील.’

हिशेब केला. रॉ फाइल, एकेक साधारण २५ ते ३० एमबीची. म्हणजे तीन सेकंदांत ८०० एमबीच्या आसपास, माझ्या कार्डाचा जवळजवळ पाऊण हिस्सा... नाही हो, निम्म्याहून थोडा कमी. सकाळी सकाळी गणित कच्चं असतं!

‘मग तुम्ही केवढं कार्ड लावता?’ मी विचारलं.

‘पूर्वी मोठ्यात मोठं घ्यायचो. मग बोट सुटायचं,’ काका म्हणाले. ‘घरी गेल्यावर दीड हजार फोटो बघणार कोण? अजून मागच्या वर्षीचे पडलेत. आता ६४ जीबीची दोन ठेवतो आणि रात्री रिकामी केल्याशिवाय झोपत नाही.’

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कार्डाचा आकार ठरवताना आपण विचारतो, ‘यात किती फोटो मावतील?’ खरा प्रश्न आहे, ‘मी ते रिकामं कधी करणार?’ रोज रात्री करणार असाल, तर एका दिवसाचे फोटो मावले की झालं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची जेपेग साधारण १० एमबीची धरा. दिवसाला ५०० फोटो म्हणजे ५ जीबी. रॉमध्ये काढलेत, तरी १५ जीबीच्या आत. म्हणजे वीकेण्ड भटक्यांना ३२ जीबीही भरपूर!

असल्फा : व्हिडिओचं पोट

भांडुपहून लोकलनं घाटकोपर आणि वर चढून मेट्रो. २०१४ च्या जूनमध्ये ही घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली, ११.४ किलोमीटरची. त्याआधी मुलुंडवरून अंधेरीला जायचं म्हणजे एकतर दादरचा वळसा, नाहीतर बसच्या खिडकीतून पवईच्या ट्रॅफिकचं सावकाश दर्शन. २००६ च्या सहलीला आम्ही दादरमार्गेच गेलो होतो. आईला आठवत होतं, ‘तुला दादरच्या पुलावर वडापाव हवा होता आणि तू भोकाड पसरलंस.’ आयांच्या मेमरीला कपॅसिटीची मर्यादा नसते.

असल्फाला टेकडीवरची घरं दिसली. २०१८ च्या सुमारास ‘चल रंग दे’ उपक्रमात रंगवलेली : निळी, पिवळी, गुलाबी. आई म्हणाली, ‘व्हिडिओ घे गं.’ घेतला. तीस सेकंदांनी कॅमेऱ्यानं स्वतःच थांबवला. काउंटर बघितला तर पंचवीस फोटोंची जागा गायब!

व्हिडिओचं पोट हे असं असतं. आजचे कॅमेरे तर विचारूच नका. १०० मेगाबिटनं फोर-के शूट केलंत, तर मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. म्हणजे फोटोवाल्यांना महिनाभर पुरणारं ६४ जीबीचं कार्ड व्हिडिओवाल्यांना दीड तासही पुरत नाही. आणि इथे नुसता आकार कामाचा नाही, वेगही लागतो. कार्डावर व्ही-३० लिहिलं असेल, तर ते सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणार. वेग कमी पडला की कार्ड अर्धं रिकामं असूनही रेकॉर्डिंग मधेच तुटतं.

अंधेरी : इडलीच्या टेबलावर ऑपरेशन

वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशनला उतरलो. खाली उडप्याकडे माझी मैत्रीण वाट बघत होती. ती अंधेरीत एका प्रॉडक्शन हाऊससाठी काम करते. शूटवर कार्डं भरून आली की ती रिकामी करायची, तपासायची, परत द्यायची, हे तिचं काम. अख्ख्या युनिटची मेहनत तिच्या खिशातून जाते-येते, म्हणून ती कधी घाईत नसते.

मी तिला जुनं १२८ एमबीचं कार्ड दिलं. आईसमोर फार बोलले नाही, एवढंच म्हटलं, ‘एक फोटो पुसला गेलाय. निघतो का बघ.’

तिनं लॅपटॉप उघडला, सॉफ्टवेअर लावलं. आमच्या इडल्या गार होत होत्या. मी वाचलं होतं की डिलीट केलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही. कार्ड फक्त आपल्या यादीत नोंद करतं की ही जागा आता मोकळी आहे. दुसरं काही तिथे येऊन बसेपर्यंत फोटो जागेवरच असतो. म्हणून तर चुकून फोटो उडाला की कार्ड ताबडतोब बाहेर काढायचं आणि त्यावर पुढे एकही फोटो काढायचा नाही. मला आशा होती.

‘अगं, हा पुसलास तेव्हा कार्ड भरलेलं होतं का?’ तिनं विचारलं.

‘फुल्ल.’

ती थोडा वेळ गप्प बसली. ‘मग पुढच्या फोटोला बसायला दुसरी जागाच नव्हती ना.’

कळलं. त्या भरलेल्या कार्डात मोकळी जागा एकच होती, आजीची. माकड बरोब्बर तिथेच जाऊन बसलं. कार्ड अर्धं रिकामं असतं, तर एकोणीस वर्षांनंतरही कदाचित आजी निघाली असती.

‘कुठला फोटो गं?’ आईनं विचारलं. मी सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आईनं सांबारात इडली बुडवली. म्हणाली, ‘तो होय. यांनी तेव्हाच विचारलं होतं, आईचा हसरा कुठे गेला म्हणून. मीच म्हटलं, आलाच नसेल.’

म्हणजे बाबांनाही तो आठवत होता.

निघताना मैत्रिणीनं तिचे दोन नियम ऐकवले. एक : दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि त्या दोन कॉपी एका बॅगेत ठेवायच्या नाहीत. दोन : ‘आम्ही दिवसभराच्या शूटला एकच मोठं कार्ड लावत नाही. एक गेलं तर सकाळ जाते, दिवस जात नाही.’

आरेवरून बोरिवली

तिथूनच पुलावरून गुंदवली स्टेशनला जाता येतं. २०२३ च्या जानेवारीपासून ही मेट्रो ७ गुंदवलीपर्यंत येते. हायवेच्या डोक्यावरून ती निघते, आणि आरे स्टेशन आलं की मला हमखास एक फोटो आठवतो. रात्रीची वेळ, वस्तीतली अरुंद गल्ली आणि तिच्यातून निवांत चालत येणारा बिबट्या! मुंबईच्या नयन खानोलकर यांनी तो आरेतच टिपला आणि २०१६ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी गटात तो पहिला आला. असे फोटो कॅमेरा ट्रॅपनं निघतात. कॅमेरा बांधून ठेवायचा, समोर हालचाल झाली की तो आपोआप उडतो.

नॅशनल पार्कातले बिबटेही याच पद्धतीनं मोजले गेले : २०१५ च्या अभ्यासात ३५, २०१८ च्या अभ्यासात ४७. प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे, त्यावरून ओळख पटते. आता विचार करा, जंगलात बांधलेल्या त्या कॅमेऱ्यात किती मोठं कार्ड हवं? उत्तर बिबट्यावर अवलंबून नाही. कार्ड बदलायला माणूस पुन्हा कधी येणार, त्यावर आहे. भांडुपच्या काकांचाच फंडा!

कान्हेरी : पोढीचं गणित

राष्ट्रीय उद्यान स्टेशनला उतरलं की पार्क जवळच. (सोमवारी बंद असतं, नोंद घ्या.) गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत, आम्ही पार्कची बस पकडली. माकडं होतीच. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत. आपण तीन नंबरच्या चैत्यात जातो, दोन्ही बाजूंचे उंच बुद्ध बघतो, सेल्फी काढतो आणि परततो. या वेळी मी खाली बघत चालले. जवळपास प्रत्येक विहाराच्या दाराशी जमिनीत एक चौकोनी तोंड दिसतं. आत कातळात खोदलेलं टाकं. त्याला पोढी म्हणतात. हा शब्द इथल्या ब्राह्मी शिलालेखांतही आहे, कुणी पोढी दान दिली त्याच्या नोंदी कोरलेल्या आहेत. पावसाचं पाणी अडवायला डोंगरभर कोरीव पन्हळी, आणि ते या टाक्यांत येऊन पडतं. मार्चमध्येही काहींत पाणी होतं.

मी तिथेच बसले. एवढा डोंगर फोडणाऱ्यांना एकच भलंमोठं टाकं खोदता आलं नसतं का? पण त्यांनी दाराशी दाराशी छोटी टाकी खोदली. एखादं फुटलं, एखाद्यात घाण पडली, तरी बाकीच्यांचं पाणी शाबूत. चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने काढायचे, तर साठवण किती आणि किती ठिकाणी, हे दोन्ही बघावं लागतं. खिशातलं दुसरं दोन जीबीचं कार्ड मी चाचपलं. पहिल्यात अजून भरपूर जागा होती, तरी ते काढून ठेवलं आणि दुसरं घातलं. सकाळ एकीकडे, दुपार एकीकडे.

आई चैत्याच्या पायऱ्यांवर टेकली होती. नेमकी कुठल्या पायरीवर आजी बसली होती, ते दोघींनाही आठवेना. मी कॅमेरा रोखला आणि काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, ‘आई, माकड!’ तिनं दचकून मागे बघितलं, मागे काहीच नव्हतं, आणि तिला हसू फुटलं. मी बटण दाबलं.

फोटो हलला. अर्धा चेहरा, हवेत गेलेला हात. अंगठा सवयीनं कचऱ्याच्या डब्याकडे गेला. कोपऱ्यात आकडा दिसत होता : आणखी ९८० फोटोंची जागा शिल्लक.

अंगठा काढून घेतला.

रात्री घरी, बांधलेल्या खोक्यांच्या मधे बसून मी दोन्ही कार्डं लॅपटॉपवर उतरवली, मग दादाला पाठवलेल्या हार्ड डिस्कसाठी वेगळी कॉपी केली. बाबा मागे येऊन उभे राहिले. आईचा तो फोटो आला तेव्हा म्हणाले, ‘हा हललाय.’

‘हो. राहू दे,’ आई आतून म्हणाली.

त्या दिवसाच्या सुनावणीतला तेवढाच निकाल विनाचर्चा लागला.

कार्ड घेताना...

• आधी कॅमेऱ्याचं वय बघा. २००६ च्या आधीचे बहुतेक कॅमेरे २ जीबीच्या पुढे जात नाहीत. मॅन्युअलमध्ये एसडी, एसडीएचसी की एसडीएक्ससी लिहिलंय ते तपासा.

• एका दिवसाचे फोटो गुणिले एका फाइलचा आकार, आणि आलेल्या आकड्याची दुप्पट. एवढं कार्ड पुरे.

• तेवढी जागा शक्यतो दोन कार्डांत विभागा. १२८च्या एकापेक्षा ६४ची दोन बरी.

• ६४ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर ५९.६ दिसलं, तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजारानं मोजते, कॉम्प्युटर १०२४ नं, एवढाच फरक.

• अतिस्वस्त १ टीबीचं कार्ड दिसलं, तर सावध. नकली कार्डं खोटा आकडा दाखवतात आणि खरी जागा संपली की फोटो खराब होतात. नवीन कार्ड एकदा पूर्ण भरून शेवटच्या फाइल्स उघडून बघा.

• आणि सगळ्यात महत्त्वाचं : फोटो जागच्या जागी पुसू नका. घरी या, चहा घ्या, मोठ्या स्क्रीनवर बघा. मग ठरवा.